परदेशात नगररचना शिकताना : वाचकांचे प्रश्न

परदेशातील नगररचनेच्या पदव्युत्तर शिक्षणाविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच आशयाची असल्याने ती एकत्र करून पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. ‘सर्वोत्तम विद्यापीठ कोणते’ हा प्रश्न सर्वाधिक वेळा आला आणि त्याला मी उत्तर दिलेले नाही. क्रमवारीच्या याद्या भरपूर उपलब्ध आहेत. नगररचनेच्या बाबतीत त्या फारशा उपयोगी का पडत नाहीत, हे पहिल्याच उत्तरात येईल.

प्रश्न १ : मी वास्तुकलेची पदवीधर आहे आणि दोन वर्षे एका वास्तुविशारदांच्या कार्यालयात काम करीत आहे. परदेशी विद्यापीठांची माहिती चाळताना ‘अर्बन प्लॅनिंग’, ‘अर्बन डिझाइन’, ‘अर्बन स्टडीज’, ‘अर्बन मॅनेजमेंट’, ‘स्पेशियल प्लॅनिंग’, ‘डेव्हलपमेंट प्लॅनिंग’ अशी इतकी नावे समोर येतात की गोंधळ उडतो. एकाच विषयाला दिलेली ही वेगवेगळी नावे आहेत, की विषयच निरनिराळे आहेत?

उत्तर : थोडे हे आणि थोडे ते. नावावरून अभ्यासक्रम ओळखता येत नाही, कारण नाव ठेवण्याचा सर्वमान्य नियमच नाही. म्हणून नाव बाजूला ठेवून वर्षाअखेरीस विद्यार्थी काय सादर करतो ते पाहावे. ‘अर्बन डिझाइन’चा विद्यार्थी बहुधा एखाद्या चौकाचे, नदीकाठाचे किंवा वस्तीचे नकाशे, छेदचित्रे आणि प्रतिकृती मांडतो. ‘अर्बन स्टडीज’चा विद्यार्थी समाजशास्त्रज्ञाच्या किंवा भूगोलतज्ज्ञाच्या नजरेने शहर वाचतो आणि प्रबंध लिहितो. नियोजनाचा विद्यार्थी मात्र जमिनीचा वापर, वाहतूक, घरे, पैसा आणि कायदा यांचा मेळ घालणारा प्रस्ताव तयार करतो आणि तो का योग्य आहे हे लोकांपुढे पटवून देतो. तुम्ही वास्तुकलेकडून येत आहात, त्यामुळे डिझाइनकडे ओढा असणे स्वाभाविक आहे; परंतु रेखाटनाची हातोटी तुमच्याकडे आधीच असेल, तर परदेशात जाऊन पुन्हा तेच घोटण्यापेक्षा जे येत नाही ते शिकावे, असे माझे मत आहे.

संस्थांचा इतिहास पाहिला तरी वेगळेपण ध्यानात येते. लिव्हरपूल विद्यापीठात १९०९ मध्ये ‘सिव्हिक डिझाइन’ विभाग स्थापन झाला आणि तो जगातील पहिला नगररचना विभाग मानला जातो. तेथून निघालेली परंपरा आराखडा आणि नगरपालिका यांच्याभोवतीची आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील डेव्हलपमेंट प्लॅनिंग युनिटचा उगम १९५४ मध्ये आर्किटेक्चरल असोसिएशन या संस्थेत सुरू झालेल्या उष्ण कटिबंधीय वास्तुकलेच्या विभागात आहे. हा विभाग १९७१ मध्ये विद्यापीठात आला आणि पुढे त्याचा भर इमारतींवरून विकसनशील देशांतील वस्त्या, हक्क आणि विषमता यांकडे वळला. नेदरलँड्सच्या रॉटरडॅममधील ‘इन्स्टिट्यूट फॉर हाउसिंग अँड अर्बन डेव्हलपमेंट स्टडीज’ १९५८ पासून गृहनिर्माण आणि शहराचे व्यवस्थापन या अंगाने हा विषय हाताळत आली आहे. त्याच देशातील डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात ‘अर्बनिझम’ ही दोन वर्षांची शाखा ठामपणे आरेखनप्रधान आहे. जर्मनीत डॉर्टमुंडच्या तंत्रविद्यापीठाचा ‘स्प्रिंग’ हा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम पहिले वर्ष डॉर्टमुंडला आणि दुसरे एखाद्या भागीदार विद्यापीठात घेतो. ‘फोर सिटीज’ हा युरोपीय संयुक्त अभ्यासक्रम विद्यार्थ्याला ब्रुसेल्स, व्हिएन्ना, कोपनहेगन आणि माद्रिद असा फिरवतो, पण तो ‘अर्बन स्टडीज’चा आहे, त्यातून नियोजनाचा व्यावसायिक परवाना मिळेल, या अपेक्षेने कोणी जाऊ नये.

आता मुख्य मुद्दा. पुलाचे गणित सर्व देशांत एकच असते. जमिनीवरच्या हक्काचे तसे नसते. ब्रिटनमध्ये १९४७ च्या कायद्याने जमिनीचा विकास करण्याचा हक्क जवळजवळ शासनाकडे घेतला, त्यामुळे मालकाला प्रत्येक मोठ्या बदलासाठी परवानगी मागावी लागते आणि स्थानिक प्राधिकरण विकास आराखडा व अन्य संबंधित बाबी तोलून प्रत्येक अर्जाचा स्वतंत्र निर्णय देते. अमेरिकेत याच्या उलट पद्धत रुजली. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये शहरभर लागू होणारी झोनिंगची, म्हणजे कोणत्या भागात काय आणि किती बांधता येईल हे आधीच ठरवून देणारी, नियमावली केली, १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड गावाच्या खटल्यात झोनिंग वैध ठरवले, आणि तेव्हापासून नियमात बसणारे बांधकाम मालक सहसा हक्काने करू शकतो. वाद होतो तो नियम बदलण्यावर. जर्मनीत संपूर्ण शहराचा भूवापर आराखडा वेगळा आणि विशिष्ट भागासाठी कायद्याने बंधनकारक असणारा बांधकाम आराखडा वेगळा, अशी दोन पायऱ्यांची रचना आहे.

याचा परिणाम वर्गात थेट दिसतो. ब्रिटनमध्ये युक्तिवाद लिहायला शिकवले जाते, अमेरिकेत नियमावली वाचायला व लोकांशी वाटाघाटी करायला, आणि जर्मनीत आराखड्यातील प्रत्येक रेषेचा कायदेशीर अर्थ सांगायला. म्हणून विद्यापीठाच्या आधी देश निवडावा आणि देश निवडताना ‘मी कोणाचा कायदा शिकणार आहे’ हा प्रश्न स्वतःला विचारावा. त्यानंतर अभ्यासक्रमातील सक्तीच्या विषयांची यादी उघडावी. नियोजनाचा कायदा आणि जमिनीचे अर्थकारण हे दोन विषय सक्तीच्या यादीत नसून ऐच्छिक असतील, तर तो अभ्यासक्रम कितीही आकर्षक असला तरी व्यवसायाची पूर्वतयारी म्हणून तो अपुरा पडतो.

प्रश्न २ : मी अर्थशास्त्राचा पदवीधर आहे. मला चित्र काढता येत नाही आणि नकाशा बनवणारे कोणतेही सॉफ्टवेअर येत नाही. तरीही नगररचनेला प्रवेश मिळेल का, आणि जाण्यापूर्वी काय शिकून घ्यावे?

उत्तर : मिळेल. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील बहुतांश नियोजन अभ्यासक्रम कोणत्याही विद्याशाखेच्या पदवीधराला खुले असतात, आणि अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्र शिकलेले विद्यार्थी तेथे मोठ्या संख्येने असतात. पोर्टफोलिओची, म्हणजे स्वतःच्या रेखाटनांच्या संग्रहाची, अट मुख्यतः आरेखनप्रधान अभ्यासक्रमांत असते. तेथे अर्ज करू नये.

तयारीबाबत मी थोडा कंजूष आहे. ‘क्यूजीआयएस’ हे नकाशे बनवण्याचे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे आणि तुमच्या ओळखीच्या एखाद्या भागाची जनगणनेची आकडेवारी नकाशावर चढवून एकच नकाशा असा बनवावा की तो पाहणाऱ्याला काहीतरी नवे कळेल. एवढे पुरे आहे. बाकीचे विद्यापीठ शिकवते, आणि प्रवेशापूर्वी पाच सॉफ्टवेअरची प्रमाणपत्रे गोळा करणारा विद्यार्थी पहिल्या सत्रात इतरांपेक्षा पुढे असल्याचे मी तरी पाहिलेले नाही. त्याऐवजी लिहिण्याचा सराव करावा.

प्रवेश अर्जासोबतच्या उद्देशपत्राबद्दलही एक सूचना. ‘लहानपणापासून मला शहरांचे आकर्षण आहे’ अशी सुरुवात करणारी इतकी पत्रे मी वाचली आहेत की ते वाक्य दिसताच माझी नजर पुढच्या परिच्छेदावर जाते. शहराविषयीचा एखादा निर्णय घ्यावा, उदाहरणार्थ एखादा उड्डाणपूल, एखादी बंद केलेली बससेवा किंवा वाढवलेला चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडावर किती बांधकाम करता येते याचे प्रमाण). त्याचा खर्च कोणी सोसला आणि फायदा कोणाला झाला, हे अर्थशास्त्राच्या भाषेत उलगडून दाखवावे, आणि या निर्णयाबाबतच्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला अर्थशास्त्रात सापडले नाही, तेथे थांबावे. तुम्ही नगररचनेकडे का वळत आहात, हे निवड समितीला त्यातून आपोआप कळते.

प्रश्न ३ : एजंट सांगतात की पदवी ‘मान्यताप्राप्त’ असली पाहिजे, तर काही माजी विद्यार्थी म्हणतात की त्याने काही फरक पडत नाही. खरे काय? शिवाय एक वर्षाचा अभ्यासक्रम घ्यावा की दोन वर्षांचा? शिक्षणानंतर काही वर्षे तेथेच काम करण्याची इच्छा आहे.

उत्तर : मान्यतेचे महत्त्व तुम्ही कोठे काम करणार यावर ठरते, म्हणून दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. ब्रिटनमध्ये १९१४ मध्ये स्थापन झालेली रॉयल टाउन प्लॅनिंग इन्स्टिट्यूट अभ्यासक्रमांना मान्यता देते. मान्यताप्राप्त पदवी, त्यानंतर प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि मग व्यावसायिक क्षमतेचे मूल्यमापन, हा संस्थेचे सनदी सदस्यत्व मिळवण्याचा सरळ मार्ग आहे. नोकरीच्या जाहिरातींत या सदस्यत्वाचा किंवा ते मिळवण्याच्या पात्रतेचा उल्लेख वारंवार आढळतो, त्यामुळे तेथे नियोजक म्हणून काम करायचे असेल तर मान्यता नसलेली पदवी घेणे म्हणजे स्वतःचा रस्ता लांबवणे होय. ऑस्ट्रेलियात हेच काम प्लॅनिंग इन्स्टिट्यूट ऑफ ऑस्ट्रेलिया करते.

अमेरिकेत प्लॅनिंग अॅक्रेडिटेशन बोर्ड मान्यता देते आणि तेथील ‘एआयसीपी’ या व्यावसायिक नियोजकाच्या प्रमाणपत्रासाठी मान्यताप्राप्त पदवी असल्यास अनुभवाची अट कमी वर्षांची होते. मात्र बहुतेक राज्यांत नियोजकाला कायद्याने परवाना लागत नाही. न्यू जर्सी हा त्याला ठळक अपवाद आहे. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये गोष्ट आणखी वेगळी आहे, कारण तेथे नगररचनाकाराची पदनामेच कायद्याने संरक्षित आहेत आणि नोंदणी झाल्याशिवाय ती स्वतःच्या नावापुढे लावता येत नाहीत. इंग्रजी माध्यमातून पदवी घेतलेल्या अनेक विद्यार्थ्यांना हे पदवी हाती आल्यावर कळते.

मान्यता तपासताना विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर विसंबू नये. मान्यता संपूर्ण विद्यापीठाला किंवा विभागाला नसते. ती विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि विशिष्ट कालावधीसाठी असते. एकाच विभागातील नियोजनाची पदवी मान्यताप्राप्त आणि शेजारची शाश्वत शहरांची पदवी मान्यता नसलेली, असे सर्रास असते. मान्यता देणाऱ्या संस्थेची यादी स्वतः उघडून त्यात अभ्यासक्रमाचे नेमके नाव शोधावे.

एक वर्ष की दोन, याचा निर्णय खर्चाइतकाच वेळापत्रकावर अवलंबून आहे. ब्रिटनमधील एक वर्षाचा अभ्यासक्रम सप्टेंबरमध्ये सुरू होतो, मे महिन्यापर्यंत वर्ग आणि स्टुडिओ (गटाने एखाद्या जागेसाठी प्रस्ताव तयार करण्याचे काम) चालतात आणि उन्हाळ्यात प्रबंध लिहायचा असतो. मोठ्या सल्लागार कंपन्यांच्या नवपदवीधर योजनांचे अर्ज मात्र शरद ऋतूतच सुरू होतात, म्हणजे देशात पाऊल ठेवून जेमतेम महिना झालेला असताना, आणि नियोजन परवानगी म्हणजे काय हे नीट कळण्यापूर्वीच, तुम्हाला त्या देशाचा नियोजक होण्यासाठी अर्ज करावा लागतो. दोन वर्षांच्या अमेरिकन अभ्यासक्रमात मधला उन्हाळा मोकळा असतो आणि त्यातील इंटर्नशिप हीच पुष्कळदा पहिल्या नोकरीची पायरी ठरते. ज्याने आधी नियोजनाच्या क्षेत्रात काम केले आहे त्याला एक वर्ष पुरते. जो नव्याने येतो आहे त्याने शक्य असेल तर दोन वर्षे द्यावीत. परत आल्यावर सरकारी नोकरीचा विचार असेल, तर एक वर्षाच्या पदव्युत्तर पदवीला समकक्षता मिळते की नाही याची चौकशी निघण्यापूर्वीच करून ठेवावी.

शिक्षणोत्तर कामाच्या परवान्याविषयी थोडेच सांगतो, कारण हे नियम सरकारे बदलतात तसे बदलतात. ब्रिटनचा ‘ग्रॅज्युएट’ व्हिसा पदव्युत्तर पदवीधराला दोन वर्षे देतो, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच मिळणार आहेत. अमेरिकेत पदवीनंतर १२ महिने प्रशिक्षणवजा काम करता येते आणि विज्ञान-तंत्रज्ञान गटात मोडणाऱ्या पदव्यांना आणखी २४ महिने मिळतात. नियोजनाची पदवी या गटात मोडते की नाही, हे विद्यापीठाने तिची नोंद कोणत्या वर्गीकरण संकेतांकाखाली केली आहे यावर ठरते, म्हणून तो संकेतांक प्रवेश स्वीकारण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावा.

एजंट ज्याविषयी सहसा बोलत नाहीत अशीही एक बाब आहे. नियोजकांना काम देणारी सर्वांत मोठी मंडळी म्हणजे शासन आणि नगरपालिका. आणि तेथे काही देशांत नागरिकत्वाची, तर बहुतेक ठिकाणी स्थानिक भाषेची अडचण येते. जर्मनीत इंग्रजीतून पदवी मिळेल, पण नागरिकांच्या हरकती व सूचना जर्मनमध्येच येतात. त्यामुळे परदेशी विद्यार्थ्यांची पहिली नोकरी बहुधा खासगी सल्लागाराकडे, वाहतुकीच्या किंवा आकडेवारीच्या विश्लेषणाच्या कामात असते. त्यात कमीपणा नाही, परंतु ते आधीच माहीत असावे आणि ऐच्छिक विषय निवडताना विचारात घ्यावे.

प्रश्न ४ : मी सध्या परदेशात पहिल्या सत्रात शिकत आहे. चर्चेच्या तासाला मी गप्पच राहते. सगळे तेथील शहरांची, कायद्यांची, पक्षांची उदाहरणे देतात आणि मला त्यातले काही ठाऊक नसते. स्टुडिओत आमचा गट माझ्याकडे केवळ नकाशे बनवण्याचे काम देतो. ज्यूरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढे प्रस्ताव मांडण्याच्या, दिवशी एका परीक्षकांनी आमच्या प्रस्तावाबद्दल इतके बोचरे प्रश्न विचारले की आपण चुकीच्या विषयाला आलो, असे वाटू लागले आहे.

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला माझा पहिला स्टुडिओ आठवला, म्हणून आधी तो सांगतो. मी ब्रिटनमध्ये शिकत असताना आमच्या पाच जणांच्या गटाला शहराच्या कडेचा एक भाग दिला होता. हवाई छायाचित्रात त्याच्या मधोमध एक ओबडधोबड तुकडा दिसत होता : अरुंद पट्ट्या, मोडकळीला आलेल्या टपऱ्या, मध्येच पाण्याची पिंपे. आम्ही तो ‘कमी वापरातील जमीन’ म्हणून रंगवला आणि त्यावर चार मजली घरांची एक देखणी रचना बसवली. ज्यूरीला नगरपालिकेच्या एक नियोजन अधिकारी आल्या होत्या. त्यांनी रचनेकडे पाहिलेही नाही. ‘तुम्ही तेथे किती वेळा गेलात,’ एवढेच त्यांनी विचारले. आम्ही एकदा गेलो होतो, नोव्हेंबरातल्या एका पावसाळी मंगळवारी, आणि तेव्हा तेथे कोणीही नव्हते.

त्या पट्ट्या म्हणजे नागरिकांना भाजीपाला पिकवण्यासाठी नाममात्र भाड्याने दिलेले वाफे होते, ज्यांना तेथे ‘अलॉटमेंट’ म्हणतात. नगरपालिकेने त्यासाठीच घेतलेली जमीन १९२५ च्या कायद्यानुसार मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकता येत नाही किंवा दुसऱ्या कामाला लावता येत नाही. गटात दोन विद्यार्थी त्याच देशातले होते. त्यांना वाफे ठाऊक होते, कायदा ठाऊक नव्हता. मला दोन्ही ठाऊक नव्हते. त्या रात्री मलाही तुमच्यासारखेच वाटले. बऱ्याच दिवसांनी ध्यानात आले की ‘ही जमीन कुणाची आहे’ असे विचारण्याची सर्वाधिक मोकळीक गटात मलाच होती, कारण न ठाऊक असल्याबद्दल मला कोणी हसले नसते, आणि नेमकी तीच मी वापरली नव्हती.

तुम्ही ती मोकळीक वापरावी. गटात नकाशे बनवण्याचे काम तुमच्याकडे आले आहे, ते नाकारू नये. त्याला जोडून आणखी एक काम मागून घ्यावे. प्रत्येक भूखंडाची मालकी, त्यावरील जुन्या परवानग्या आणि तेथे लागू असलेली धोरणे यांची नोंद करण्याचे ते काम आहे. हे कंटाळवाणे काम सहसा कोणाला नको असते, आणि ज्यूरीत प्रस्ताव कोसळतो तो बहुतेक वेळा याच नोंदी नसल्यामुळे. इंग्लंडमधील परिषदांच्या (काउन्सिल, म्हणजे तेथील स्थानिक स्वराज्य संस्था) संकेतस्थळांवर नियोजन परवानगीच्या प्रत्येक अर्जाची कागदपत्रे पाहता येतात. त्यातला अधिकाऱ्याचा अहवाल आधी वाचावा : जागेचे वर्णन, जुना इतिहास, लागू धोरणे, शेजाऱ्यांचे आक्षेप, मूल्यमापन आणि शेवटी शिफारस, असा त्याचा साचा असतो. आठवड्याला दोन याप्रमाणे एका सत्रात तीसेक अहवाल वाचले, तर त्या देशात निर्णय कसा घेतला जातो हे जितके कळते तितके एका पाठ्यपुस्तकातून कळत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुसरे, सभेला जाऊन बसावे. इंग्लंडमध्ये परिषदेच्या नियोजन समितीच्या बैठका लोकांना खुल्या असतात आणि अनेक ठिकाणी अर्जदाराला व आक्षेप घेणाऱ्याला प्रत्येकी तीनच मिनिटे मिळतात. न्यूयॉर्कमध्ये ५९ सामुदायिक मंडळे (एकेका विभागाची सल्लागार मंडळे) आहेत आणि त्यांच्या मासिक सभांना कोणीही जाऊ शकतो. तुमच्या वर्गात ‘लोकसहभाग’ या विषयाच्या दिवशी अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये मांडलेली आठ पायऱ्यांची शिडी निघेलच. तळाशी लोकांना नुसते वापरून घेणे आणि सर्वांत वर नागरिकांच्या हाती नियंत्रण, अशी ती रचना आहे. सगळे जण ती उद्धृत करतात. त्या दिवशी तुम्ही जर एवढेच म्हणालात की, ‘मी गेल्या गुरुवारी समितीच्या बैठकीला गेले होते, एका वृद्ध गृहस्थांची तीन मिनिटे ते चष्मा शोधत असतानाच संपली, आणि त्यांचा आक्षेप इतिवृत्तात एका ओळीत आला, ही कितवी पायरी,’ तर पुढचा अर्धा तास चर्चा तुमच्या वाक्याभोवती फिरेल. बोलण्यासाठी तेथील पक्षांचा इतिहास पाठ असण्याची गरज नाही.

बोचऱ्या प्रश्नांविषयी एवढेच, की उत्तर ठाऊक नसेल तर ‘आम्ही हे तपासलेले नाही’ असे स्पष्ट म्हणावे. परीक्षक त्याचे गुण कापतात त्यापेक्षा जास्त गुण ओढूनताणून दिलेल्या उत्तराचे कापतात. आणि ज्यूरी संपल्यावर प्रश्न शब्दशः लिहून ठेवावेत. माझ्या त्या वहीतील निम्मे प्रश्न मी पुढे विद्यार्थ्यांना विचारले आहेत.

प्रश्न ५ : प्रबंधासाठी स्वतःच्या शहराचा विषय घ्यावा की जेथे शिकत आहे तेथील? आमचे मार्गदर्शक दोन्हींची तुलना करण्यास सुचवतात.

उत्तर : तुलना ही सर्वांत मोहक आणि सर्वांत धोक्याची वाट आहे. दोन शहरांतील बससेवा किंवा झोपडवस्तीविषयक धोरण शेजारी शेजारी ठेवून साम्य आणि भेद यांचे कोष्टक भरले की प्रबंध लिहून होतो, परंतु त्यातून काही सिद्ध होत नाही. ब्राझीलमधील कुरितिबाने १९७४ मध्ये बससाठी स्वतंत्र मार्ग सुरू केले आणि कोलंबियातील बोगोताने २००० मध्ये ट्रान्समिलेनिओ ही स्वतंत्र मार्गिकेवरची बससेवा आणली; त्यानंतर अनेक शहरांनी ती मार्गिका उचलली, पण मार्गिकेमागची नियोजन संस्था, भूवापराची शिस्त आणि तिकिटाच्या उत्पन्नाची वाटणी उचलली नाही. मार्गिकांची तुलना करणारा प्रबंध म्हणूनच पोकळ राहतो.

तुलनाच करायची असेल, तर एखादे साधन एका देशातून दुसऱ्या देशात कसे गेले याचा माग काढावा. भूखंडांची पुनर्रचना हे उत्तम उदाहरण आहे. फ्रँकफर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा १९०२ मध्ये आला. मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते व मोकळ्या जागांसाठी काही भाग काढून घ्यायचा आणि उरलेले नीट आकाराचे भूखंड परत वाटायचे, अशी ती पद्धत. जपानने १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोच्या पुनर्बांधणीत हे साधन मोठ्या प्रमाणावर वापरले. तेथे मालकांच्या संघामार्फत योजना राबवायची तर दोन तृतीयांश संमती लागते. जर्मन पद्धतीत मात्र नगरपालिकेची भूमिका मोठी आहे. मूळ कल्पना एकच असताना संमतीचा हा नियम वेगळा का झाला, हा प्रश्न प्रबंधाला पुरतो.

स्वतःच्या शहराचा विषय घेण्यास माझी हरकत नाही, दोन अटींवर. पहिली, मार्गदर्शकांना त्या शहराची व्यवस्था माहीत नसेल, तर त्यांची मदत पद्धतीपुरतीच मिळेल हे गृहीत धरावे. दुसरी, माहिती तेथून येणार असल्याने परवानग्या हिवाळ्यातच मागाव्यात. लोकांच्या मुलाखती घ्यायच्या तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची संमती लागते आणि त्यात काही आठवडे जातात. एक वर्षाच्या अभ्यासक्रमात जूनमध्ये अर्ज करणाऱ्याचा उन्हाळा वाट पाहण्यात संपतो. तेथेच नोकरी शोधणार असाल तर मात्र तेथील शहर घ्यावे. मुलाखतीत ‘आमच्या भागाविषयी तुम्हाला काय ठाऊक आहे’ असे विचारले जाते, तेव्हा स्वतः पायी फिरून, लोकांशी बोलून लिहिलेला प्रबंध कामी येतो.

याच प्रश्नासोबत एका ३६ वर्षांच्या वाचकांनी, जे दहा वर्षे नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात अभियंता आहेत, आपल्याला शिष्यवृत्ती मिळेल का आणि कुटुंबाला नेता येईल का, असे विचारले आहे. जर्मनीच्या ‘डाड’ (DAAD) या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या विकासविषयक पदव्युत्तर शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे भरपूर आहे. पण शेवटची पदवी सहसा सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि तेथे तुमचा अर्ज अडेल. ब्रिटनच्या ‘चीव्हनिंग’ या सरकारी शिष्यवृत्तीला २,८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो, वयाची वरची मर्यादा नाही, आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते, तुम्ही रजा घेऊन जाणार असल्याने ही अट तुम्हाला जाचणार नाही. मात्र २०२४ च्या जानेवारीपासून सुरू होणाऱ्या, अध्यापनावर आधारित पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना ब्रिटनमध्ये सामान्यतः कुटुंबाला सोबत नेता येत नाही, त्यामुळे वर्षभराचा दुरावा धरूनच घरी बोलणे करावे. अर्जात दहा वर्षांच्या जबाबदाऱ्यांची जंत्री देऊ नये. तुम्ही परवानगी नाकारलेले एक प्रकरण निवडावे, ती का नाकारली आणि आज तीच फाइल पुन्हा समोर आली तर काय कराल, ते दोन परिच्छेदांत लिहावे.